तमाराबाईंच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे.

माझं रशियन उत्तम आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, बिचारीचा शब्द चुकला असेल. शब्द चुकला नव्हता. मुंबईत भाषा शिकले, मग द्रोणागिरीतल्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात रशियन कागदपत्रांची भाषांतरं करत नोकरी काढली. जहाजाच्या इंजिनाचा साधा नटबोल्टसुद्धा मी कधी चुकीचा उतरवला नाही. पनवेलमध्ये रशियन म्हटलं की लोक माझं नाव घेत, आणि मला ते आवडे — फार आवडे.

तमाराबाई खारघरला आल्या त्या नातीसाठी. त्यांची मुलगी इथल्या मुलाशी लग्न करून आली होती, ती आजारपणात गेली. जावई बोटीवर इंजिनियर, महिनोन्‌महिने समुद्रात. छोट्या नताशाला सांभाळायला सत्तरीतली ही बाई आपलं गाव सोडून टॉवरच्या बाराव्या मजल्यावर येऊन राहिली. त्यांच्याशी बोलायला कुणीतरी असावं म्हणून जावयाने मला शोधून काढलं.

पहिल्याच भेटीत कळलं की बाई नाटकात होत्या. व्होल्गाकाठच्या शहरातलं नाटकघर — तिथे नट कायम पगारावर, आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरं, आणि सगळ्यांत तीच माणसं. बाईंनी आख्खी हयात त्या एका नाटकघरात काढली होती. मी एवढंच ऐकलं आणि पनवेलभर सांगत सुटले, की रशियाची मोठी नटी आपल्याकडे राहते. कामं कोणती केली, हे विचारलं का मी? नाही. मला हवं ते उत्तर मी आधीच धरून चालले होते.

जासईचा बाळाराम हौशी नाटकं बसवायचा. धंदा जमिनीचा, जीव नाटकात. त्याने पनवेलमध्ये बाईंची मुलाखत ठेवली. हॉल भरला. प्रश्न तो विचारणार, उत्तरं मी मराठीत सांगणार. पहिला प्रश्न साधाच होता — तुमची गाजलेली भूमिका कोणती?

बाई हसल्या. सावकाश, ठाम आवाजात म्हणाल्या, "मी नायिका कधीच नव्हते. मोलकरीण, शेजारीण, गर्दीतली एक. एकदा नायिका तापाने पडली, तिचं काम मी रात्रभर पाठ केलं — आणि सकाळी ती बरी झाली! पण लहान कामाची मला कधी लाज वाटली नाही. मी एकही प्रयोग चुकवला नाही."

आता सांगा, याहून सुंदर उत्तर असतं का? पण मी समोर पाहिलं. मागच्या रांगेत लोक मोबाइल काढून बसले होते. पुढच्या रांगेत ज्यांच्याकडे मी मिरवलं होतं ते सगळे — माझ्याकडे बघत. आणि मी माईकमध्ये स्वच्छ मराठीत म्हटलं, "मी त्या नाटकघराची प्रमुख नायिका होते. सगळ्या मोठ्या भूमिका माझ्याच वाट्याला आल्या."

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. तमाराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या गावात माझ्यासाठी कधी कुणी उठलं नाही. इथे मोलकरणीसाठी उठले. किती समजूतदार लोक आहेत तुमचे!"

तेव्हाच सांगायचं होतं. मी हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित आज मी हे लिहिलं नसतं. पण पुढच्याच वर्षी बाळारामने नवीन नाटक घेतलं. त्यात एका म्हाताऱ्या परदेशी बाईचं काम होतं, चार-दोन वाक्यांचं. ते बाईंना सांगूया, असं कुणीतरी सुचवलं, तर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, येवरी मोठी हिरॉईन ती. तिला येवरासा काम सांगाचा कसा? आमाला शोभनार नाय."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

आणि त्याच आठवड्यात खारघरला गेले तर बाई विचारतात, "तुमच्या त्या मंडळींकडे एखादं छोटं काम नसेल का? नुसतं बसायचं असलं तरी चालेल. संध्याकाळ झाली की मला अजून रंगपटात जायची घाई होते."

मी काय म्हणाले असेन? "सध्या त्यांच्याकडे म्हाताऱ्या बाईचं काम नाही." शुद्ध, निर्दोष रशियनमध्ये. बाई म्हणाल्या, "पुढे कधी निघालं तर सांग." त्यानंतरही त्यांनी बऱ्याचदा विचारलं. दरवेळी मी नाही म्हटलं. त्या एकदा तालमीला गेल्या असत्या, तर माझं खोटं उघडं पडलं असतं — बस, एवढंच. ते काम शेवटी बाळारामच्या वहिनीने टोप घालून केलं. तमाराबाई पुन्हा रंगमंचावर चढल्या नाहीत. काही वर्षांनी थंडीत त्या गेल्या.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. जावई तेव्हाही बोटीवर होता; त्यांची आणि माझी भाषा, दोन्ही समजणारं मोठं माणूस तिथे एकही नव्हतं. मी खरं बोलू शकले असते. मी उत्तम बोलले, लोक रडले — आणि मी पुन्हा एकदा त्यांना नायिका केलं.

सभा संपल्यावर नताशा माझ्याजवळ आली. तोवर चौदा-पंधरा वर्षांची झाली होती. म्हणाली, "मावशी, आजी मला नेहमी सांगायची की ती कधीच हिरॉईन नव्हती. ती माझ्याशी खोटं बोलायची का?"

त्या आयुष्यात कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. मी नताशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तिला मिरवायला आवडायचं नाही ना, बाळा."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने. आता ती कॉलेजात आहे, आणि मैत्रिणींना आजीचा फोटो दाखवते तेव्हा सांगते, "ही फार मोठी नायिका होती. फक्त घरी कबूल करायची नाही."