एकवरचा पंखा

जगातली कुठलीही गोष्ट पार बंद करू नये आणि पुरती चालूही ठेवू नये, असं मानणारा एकच माणूस देवानं घडवला आणि तो नेमका बेळगावजवळच्या मच्छे गावात आमच्या माडीवर भाड्यानं राहायला पाठवला. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शिकवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. बेळगावात एका प्रयोगशाळेत ते दिवसभर बर्फात हात घालून बसतात. मूळचे निपाणीचे, चाळिशी उलटलेली, लग्न नाही. चालता चालता मध्येच थांबतात आणि आभाळात बघत राहतात. सकाळच्या धुक्यात गच्चीवर उभे असले की धुकं कुठं संपलं आणि सर कुठं सुरू झाले ते कळत नाही. एकदा मी वाळत घातलेलं लुगडं समजून त्यांचाच सदरा ओढला होता. त्यांनीही निमूटपणे ओढू दिला.

त्यांचा पंखा ऐन मे महिन्यातही एकवरच. वारा येत नाही, नुसती पाती फिरताना दिसतात. माझ्या स्वयंपाकघरात काही मागायला आले की बोलता बोलता गॅस बारीक करून जातात, आणि माझी डाळ दुपारपर्यंत शिजत बसते. नळ तर कधी घट्ट फिरवत नाहीत. खाली बादली ठेवायची, थेंब थेंब पडू द्यायचं, आणि पाळण्यातल्या पोराकडं बघावं तसं समोर बसून बघत राहायचं. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"अवो सर, वायसर नळाचा गेलाय का डोस्क्याचा?"

"डोक्याचंच काम चाललंय, आक्का," म्हणाले, आणि तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण सांगणारा नीट असला तर मला कळतं. विजेच्या वायरीवर असतं तसं आपल्या नसांवर चरबीचं वेष्टण असतं. त्यातल्या एका जातीच्या चरबीला गंधकाचा टिकला लावणारा एक कामगार अंगात असतो. त्याला एन्झाइम म्हणायचं. ही टिकला लावलेली चरबी नसांना लागते, मूत्रपिंडाला लागते, आणखीही एका ठिकाणी लागते.

"आणि कुठं?"

सर कानापर्यंत लाल झाले. "पुरुषांना... म्हणजे मुलंबाळं व्हायला."

"मग तुमचा कामगार फुकटचा पगार खातोय म्हणा की!"

हसले. मग नळाकडं बोट केलं आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं. निपाणीला त्यांच्या बहिणीची मुलगी होती, छबू. तिच्या अंगात टिकला लावणारा कामगार चोख होता, पण टिकला लावलेली चरबी मोडणारा दुसरा कामगार जन्मापासूनच निकामी. "नळ चालू आणि मोरी तुंबलेली, आक्का. साचत जातं, साचत जातं, आणि शेवटी नसांचं वेष्टणच झडायला लागतं." अंगणभर पळणारी पोर आता भिंत धरून चालत होती. मोरी उघडायचे उपाय परदेशात निघालेत म्हणे, पण ते पाय अडखळायच्या आधी करावे लागतात. छबूची ती वेळ गेली होती.

"मग नळच बंद करून टाका की."

"पार बंद केला तर प्रयोगातल्या उंदरांचेसुद्धा पाय लटपटतात. ते टिकलेही अंगाला हवेतच. बंद नाही करायचा. मंद करायचा."

तेव्हापासून मी गॅसवरून भांडायचं सोडलं.

सर पक्के शाकाहारी. पण दर रविवारी सकाळी बेळगावच्या कॅम्पातल्या मटणाच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक तेच. कोवळ्या करडाचा भेजा, आत्ता कापलेला, बर्फात घालून. त्यातूनच तो टिकला लावणारा कामगार काढायचा आणि कशानं मंदावतो ते बघायचं. दुकानदार म्हणायचा, "सर, घरातली मानसं लई खवय्ये दिसत्यात!" सर मान डोलवायचे. प्रयोगशाळेची किल्ली असलेला शिपाई रविवारी जेवूनखाऊन दुपारी यायचा, तोवर डबा माझ्या फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी. एका रविवारी नंदगडची माझी नणंद आली. मी देवळात गेले होते. परत आले तर घरभर खोबऱ्या-लसणाचा वास आणि नणंद परातीत भाकरी थापतेय. "वैनी, भेजा लई ताजा गावला बघ! वरच्या पाव्हण्यालाबी दिऊ व्हय?" एवढ्यात सर डबा न्यायला दारात. कढईत बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता रडतात.

"गॅस मोठा ठेवला होता का?" त्यांनी विचारलं.

"तर ओ! भेज्याला मोठाच लागतोय," नणंद म्हणाली.

"हं. बारीक ठेवला असता तरी कामगार मेलाच असता," म्हणाले आणि पुन्हा कॅम्पाकडं चालू लागले. नणंद अजून म्हणते, तुझा भाडेकरू खुळा हाय. मी नाही म्हणत नाही.

दिवाळीला सरांची बहीण छबूला घेऊन आली, तेव्हा पोर कडेवर होती. एवढी मोठी मुलगी, पाय नुसते लोंबत होते. सरांनी तिला मोरीजवळ पाटावर मांडीत घेतलं आणि नळ थेंबावर आणला. थेंब पडला की पोर हसायची. मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरीला येळ न्हाय. हात उचला जरा." दुसऱ्या कुणी असं म्हटलं नसतं. "घाई केली की चुकतं, आक्का," म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांच्या खोलीला बहुतेक कुलूपच दिसायचं.

मग एका संध्याकाळी वरून घरघर ऐकू आली. धावत वर गेले. पंखा फुल्ल! खोलीभर कागद उडत होते आणि सर मधोमध उभे. "कामगार मंदावला, आक्का! थांबला नाही, मंदावला!"

"मग आता पोरगी..."

सरांनी पंख्याकडं बघितलं. "प्रयोगशाळेतल्या बशीत मंदावलाय. बशीतून औषधाच्या बाटलीत यायला वर्षं लागतात." आणि जाऊन बटण एकवर आणलं.

उन्हाळ्यात छबू गेली. सर निपाणीहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर निघाले. मी जिन्यातच अडवलं. मला गोड बोलता येत नाही.

"आता कुणासाठी ओ?"

सर थांबले, नेहमीसारखे आभाळात बघत. "कुठंतरी आणखी एक जन्मली असंल की, आक्का. अजून पळत असंल."

मी जिन्यातून बाजूला झाले. रविवारी ते कॅम्पातून यायच्या आधी मी दही खालच्या कप्प्यात सरकवून ठेवते. डाळ हल्ली मीच बारीक गॅसवर लावते. शिजते, वेळ लागतो इतकंच.