समोरची फांती

माझी मुलगी संगीतात पीएचडी करते म्हटलं की लोक विचारतात, गाण्यात कसली डॉक्टरकी? मग मी सांगत बसते. आधी बीए. तेव्हा रोज साखळीहून पणजीची बस आणि घरी आल्यावर महिनाभर एकच राग. मला वाटे, हिला पुढचा शिकवत का नाहीत? मग दोन वर्षं पुण्यात एमए. आणि एवढं फिरून प्रबंधाला विषय काय, तर आमच्याच वाड्यावरचे धालो, बायकांची नाचगाणी. म्हटलं, "बाये, यासाठी पुण्याला कशाला गेलीस गो?" तर म्हणाली, "आये, लांबून बरं ऐकू येतं."

त्या ऐकण्याचीच पुढे भानगड झाली.

धालो आम्ही बायका पौषात मांडावर घालतो. मांड म्हणजे तुळशीपुढची सारवलेली जागा. तिथे बायकांच्या दोन फांती, कमरेला हात गुंफून समोरासमोर उभ्या राहिलेल्या रांगा. एका फांतीने म्हणायचं, समोरचीने उत्तर द्यायचं. त्या वर्षी गाणी टिपून घ्यायला लेक फोन धरून माझ्या पाठीमागे उभी राहिली. लहानपणापासून तिथेच उभी राहायची, तशीच. मे महिन्यात लिहायला बसली तेव्हा कळलं, आमचीच फांती तेवढी नीट आलीय. समोरची नुसती गुणगुण.

प्रबंध पावसाळ्यात द्यायचा होता. एका कॉलेजात जागा निघाली होती आणि पीएचडी झालेलीच हवी होती. मला म्हणाली, "तुला समोरचं येतं ना? इथे खिडकीशी बसून म्हण. दहा मिनिटांचं काम."

काम दहा मिनिटांचंच. पण एकदा मांड निजवला, म्हणजे धालो संपवले, की पुढच्या पौषापर्यंत त्यातलं गाणं म्हणायचं नाही, ही आमच्या वाड्याची रीत.

"म्हटलं तर काय होतं?"

"मला काय ठाऊक? कोणी म्हटलंच नाही."

तिने वही पुढे ओढली. ती भांडली असती तर बरं होतं. मला काही सुचेना. भात शिजत ठेवून मी अंगणात जाई, तिथे कशाला आले ते विसरून परत येई. देवाला दिवा लावताना वाटे, लेकीचं होत असेल तर म्हणून टाकावं. वात पुढे सारेपर्यंत वाटे, मग पौषात मांडावर कुठल्या तोंडाने उभी राहू?

शेवटी मोठ्या जाऊबाईंकडे गेले. मांडावर त्यांचा शब्द चालतो. त्या काजूच्या बिया फोडत होत्या. ऐकून हसल्या. "एवढी शिकली, आणि फोन कुठे धरायचा ते कोणी शिकवलं नाही?" मग म्हणाल्या, "शब्द सांग हवे तर. निरोप सांगतात तसे. सूर काढू नको."

घरी येऊन मी शब्द सांगितले, एकेक. लेकीने लिहून घेतले, वाचले. "आये, यात गाणं कुठे आहे? मला हवा आहे तो समोरच्या फांतीचा उतार, सूर खाली येतो तो." तेही खरंच. वही मिटून ती अंगणात निघून गेली.

त्यानंतर चारेक दिवसांनी मी भाजीसाठी टायकिळ्याची पानं खुडत बसले होते. बाहेर पाऊस, हाताला काम, डोक्यात तिची ती कॉलेजातली जागा. मान वर केली तर लेक मेजाशी बसून माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी गात होते. समोरचीच फांती, उतारासकट, दोन-तीन कडवी तरी झाली असतील. फोन तिच्या हाताशी होता.

"घेतलंस?" मी विचारलं.

"नाही."

"का गो?"

"तू मला म्हणून दाखवत नव्हतीस," ती म्हणाली आणि उठून माझ्यासमोरची निवडलेली पानं धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने मुदतवाढीचा अर्ज लिहिला. पौषात मांडाच्या दुसऱ्या बाजूने टिपून घेईन, असं त्यात होतं. कॉलेजातली जागा गेली, दुसऱ्या कोणाला मिळाली. ती त्यावर बोलत नाही. मीच बोलते. जाता-येता विचारते, "तेव्हा घेतलं असतंस तर?" आणि उत्तर द्यायच्या आधीच तिला दुसरं काहीतरी काम सांगते.