पाचव्या नटाचं माप

"मग चकत्याही राजकडूनच करून घे की! माझ्या दारात कशाला आलास?"

"अगं लते, त्यानंच तर धाडलं. लेथ हाय का त्याच्याकडं?"

"लेथ नाय, पण स्टिकर हाय! बघितला मी. काम व्हायच्या आधीच काचेवर!"

सावळीरामनं वळून पाहिलं. मखमलाबादहून झेंडूचे क्रेट वाहून दमलेली त्याची जुनी मारुती गल्लीत उभी होती. मागच्या काचेवर नव्या चाकांचं दुकान चालवणाऱ्या राजचं नाव, लालभडक.

"पोरगं गुणी हाय गं. चाकं चढवताना व्हिडिओ काढणार हाय. माझ्यासकट."

लताबाईनं हातातलं फडकं लेथवर आपटलं. दुसरं कुणी असतं तर एक वेळ गिळलं असतं. हा सख्खा थोरला भाऊ.

इंदिरानगरच्या बोगद्याजवळ तिचा हा गाळा. नवरा धोंडीराम होता तेव्हा त्याच्या शेजारी उभी राहून ती लेथवर धातू कातायला शिकली. तो गेल्यावर अकरा वर्षं एकटीनं चालवला, साडीवर जुना शर्ट चढवून. जुन्या गाडीला नट चार, मालकाला हौस पाच नटांच्या अलॉय चाकांची. मग मध्ये एक जाड चकती बसवतात. चार भोकांनी ती गाडीला धरते, पाच बोल्टांनी नव्या चाकाला. राजच्या गिऱ्हाइकांची अशी प्रत्येक चकती लताबाईच्या हातची. पण चाकाआड गेलेली चकती कोण बघतो? लोक वाकून चाक बघतात आणि म्हणतात, वा, राजचं काम! गेली दोन वर्षं ती हे ऐकत होती. त्याच्या दुकानावरून जाताना मुद्दाम पलीकडच्या कडेनं जायची, आणि तरी दारात गाड्या किती ते मोजून यायची.

सावळीरामनं राजची चिठ्ठी पुढं केली. गाडीकडचं माप ठीक होतं. नव्या चाकाच्या पाच भोकांचं लिहिलं होतं, एकशे आठ मिलिमीटर.

लताबाई थबकली. भावानं सोबत आणलेलं नवं चाक खाली ठेवलं होतं. त्यावर तिनं पट्टी धरली आणि राजनं काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. चार भोकं असली की समोरासमोर पट्टी धरायची, झालं माप. त्यानं पाचालाही तशीच धरली होती.

करावी का चकती याच चुकीच्या मापानं? पडू दे पठ्ठ्याला तोंडघशी, त्याच्याच कॅमेऱ्यापुढं! क्षणभर तिला इतकं गार वाटलं की स्वतःचीच भीती वाटली. कारण नट तिरके असले तरी कुणीतरी ओढूनताणून आवळलेच असते. आणि चालत्या गाडीचं चाक निखळताना आत दादा असता.

"माप चुकलंय," ती म्हणाली.

"राजचं? मशीननं मोजलंय त्यानं! लते, तुला त्याचं बरं बघवत नाय."

खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

"नाय बघवत! पण चुकलंय ते चुकलंयच. एकशे आठ! जपमाळ घालायची हाय का चाकाला? ये इकडं. ठेव या भोकावर बोट. आता बरोब्बर समोरचं भोक दाखव."

सावळीरामनं दुसरं बोट चाकाच्या मधून सरळ पलीकडं नेलं. ते कोऱ्या धातूवर टेकलं. एक भोक डावीकडं राहिलं, एक उजवीकडं.

"पाचात समोरासमोर भोक नसतंच, दादा. पाचांतून जाणारा गोल धरून तो आरपार मोजायचा. एकशे चौदा हाय हे, वर थोडं."

त्यानं शेजारच्या भोकावरूनही तसंच करून बघितलं. मग खाकरला. "बरं. तुझ्या मापानं कर."

"करते. पण फुलबाजारात लोक वाकून बघतील, इचारतील, कुणी केलं रं हे काम? तवा काय सांगशील?"

"आता त्यात काय..."

"नाव इचारतेय मी. राजचं घेशील का माझं?"

सावळीरामनं चिठ्ठीची बारीक घडी केली, खिशात घातली. टोपी सारखी केली. आणि लोखंडाच्या किसावरून जपून पाय टाकत, चाक तिथंच ठेवून तो गाळ्याबाहेर पडला.