नमस्कारकाका आणि रविवारचा नाच

नमस्कारकाका कोणाला हात लावत नसत. सोवळंओवळं नव्हे हो, चहा कोणाच्याही घरचा घ्यायचे, वर बशीतलं बिस्किटही सोडायचे नाहीत. पण अंगाला अंग लागणं नको. समोरून कोणी हात पुढे करतोय असं दिसलं, की हे लांबूनच दोन्ही हात जोडून मोकळे. म्हणून सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव नमस्कारकाका पाडलं आणि मग आम्ही मोठेही तेच म्हणायला लागलो. करोनात सगळं जग लांबून हात जोडायला लागलं, तेव्हा गॅलरीत उभं राहून म्हणाले, "उशिरा का होईना, लोकांना वळण लागलं."

तर हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर दर रविवारी कोरेगाव पार्कात जाऊन परक्या बायकांचे हात धरून नाच शिकायला लागला, आणि तेही मला बरोबर घेऊन. हे मी कोणाला सांगायला बसले की माझाच गोंधळ होतो. कुठून सुरू करावं तेच समजत नाही.

त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. "आयुष्यभर माणसांशी तारेतून बोललो. तेच बरं, मध्ये काहीतरी असतं," असं म्हणायचे. सहकारनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको कुमुद माझी मैत्रीण, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची आणि ते मला सुलभाताई. कुमुद भारी बोलघेवडी. ती म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरतात ना, तो आमच्यातला काढायचाच राहिला बघ."

पुढे कुमुदला कंपवात झाला. हात थरथरायचे ते एक वेळ चाललं असतं, पण तिचे पाय अडायचे. चालता चालता दारापाशी आली की पावलं फरशीला चिकटल्यासारखी व्हायची. भावजी चार हात लांब उभे राहून "एक-दोन, एक-दोन" म्हणायचे, शाळेतली कवायत घेतल्यासारखे, आणि तिचे पाय आणखीच अडायचे. एकदा न राहवून त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बॅग ओढावी तसं ओढलं. कुमुद स्वयंपाकघराच्या दारात आडवी झाली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब.

त्यांची एकुलती एक लेक रेवती, हिंजवडीला कंपनीत. धावत आली आणि आमच्या देखत बापाला म्हणाली, "बाबा, ती पुन्हा पडली ना, तर मी तिला केअर सेंटरमध्ये ठेवणार. तुम्हाला तिला धरता येत नाही." खोटं काय होतं? भावजींना धरता येत नव्हतंच.

कुमुदचे व्यायाम घ्यायला तन्वी नावाची एक मुलगी यायची. तीच रविवारी संध्याकाळी ब्लूज की कायसा नाच शिकवायची. ती म्हणाली, "काका, तुम्ही काकूंना ओढता. ओढणं वेगळं आणि नेणं वेगळं. रविवारी या, दाखवते." दुसऱ्या दिवशी भावजी आमच्या दारात.

"सुलभाताई, रविवारी पाच वाजता आपल्याला काही काम आहे का?"

"नाही. का हो?"

"नाचायला जायचं होतं."

रेशन आणायला जायचंय म्हणावं, तसं म्हणाले. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. पेपरामागून आवाज आला, "जा की. येताना ब्रेड आण." आणि कुमुद तर माझ्या मागेच लागली. "जा गं बाई. एकटे गेले तर दारातूनच नमस्कार करून परत येतील."

गेले. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीचा हॉल होता. आधी तासभर शिकवणी, मग खरीखुरी वाजवणारी मंडळी येणार आणि सगळे नाचणार. मी आपली ठेवणीतली सिल्कची साडी नेसून गेलेली, आणि तिथं सगळ्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट. म्हटलं, आता गिरक्या, उड्या काय असेल ते असो. तर तन्वी म्हणाली, "आज पाऊल टाकायचंच नाही. नुसतं वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं." अर्धा तास आम्ही सगळे बसस्टॉपवर कंटाळलेल्या माणसांसारखे या पायावरून त्या पायावर. हा नाच? मी भावजींकडे पाहिलं. ते परीक्षेला बसल्यासारखे कपाळाला आठ्या घालून डुलत होते.

जोडीत एकानं नेणारं व्हायचं, दुसऱ्यानं येणारं. भावजी नेणारे, मी येणारी. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातला घडीचा रुमाल काढला, तळहातावर पसरला आणि मग हात पुढे केला. तन्वी म्हणाली, "काका, रुमाल काढा. तुमचा हात मावशींना कळायला हवा."

"मलाही तो अजून फारसा कळलेला नाही," भावजी म्हणाले. पण काढला.

आता माझी अवस्था काय सांगू? लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, आमच्या ह्यांनी माझा हात धरला तो फक्त रस्ता ओलांडताना. आणि इथे शेजारचे भावजी माझ्या कोपराखाली तळवा ठेवून उभे! लाजावं की हसावं? तन्वी सांगत होती, "आधी थांबा. समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते ऐका. मगच हला." वजन ऐकायचं कसं, बाई? भावजींनी मात्र ते फारच मनावर घेतलं. अख्खं गाणं संपलं तरी आम्ही जागचे हललो नाही. विचारलं तर म्हणाले, "ऐकतोय अजून. आपण फार हळू बोलता."

तिथली आणखी एक रीत. दर गाण्याला जोडीदार बदलायचा. कोणीही कोणालाही विचारायचं, "नाचणार का?" आणि समोरचा नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही, थँक्यू म्हणून बाजूला व्हायचं. हे भावजींना फार आवडलं. "पुण्यात नकार रोज ऐकतो," म्हणाले, "पण नकाराला थँक्यू म्हणताना पहिल्यांदाच पाहिलं."

गाण्यांचा तर मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. तोंडाचा बाजा, तो माउथ ऑर्गन, वाजवणारे सलीमभाई होते, कॅम्पात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांना मी विचारलं, "तुमच्यातली ही गाणारी मुलगी एवढी कळवळून काय म्हणतेय हो?" ते म्हणाले, "हिचा माणूस सोडून गेला, घर गेलं, आता पावसात उभी आहे." अगंबाई! आणि आपण तिच्यापुढे नाचायचं? बरं, टाळ्या वाजवाव्यात तर त्याही चुकत. मी भजनी मंडळातली, माझी टाळी समेवर पडायची. सलीमभाई हसून म्हणाले, "ताई, इथं सम सोडून द्यायची आणि पुढची मात्रा घ्यायची." समच सोडायची तर धरायचं काय? भावजींना विचारलं. म्हणाले, "विचारू नका. विचारलं की माझं पाऊल चुकतं."

आठवडाभर आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये सराव चालायचा. मी कुमुद झाल्यासारखी अडून उभी राहायची आणि ते मला न ओढता दारातून न्यायचे. जमलं की म्हणायचे, "आभारी आहे," आणि लगेच घरात जाऊन कुमुदपुढे उभे राहायचे. तिच्या कोपरांखाली हात, दोघं डुलताहेत, डावीकडे, उजवीकडे, आणि मग हे हळूच मागे सरकायचे. कधी ती यायची, कधी यायची नाही. समोरच्या इमारतीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "काय हो, नमस्कारकाका भर सकाळी खिडकीत बायकोला धरून उभे असतात?" कुमुदला सांगितलं तर तिला हसू आवरेना. मग "सुलभा," म्हणाली, "यांच्या हाताला घाम येतो. इतकी वर्षं संसार केला, मला माहीतच नव्हतं गं."

मग एका रविवारी भावजी कुमुदलाच हॉलवर घेऊन निघाले. गाडी रेवतीची. ती सिग्नलला सिग्नलला म्हणत होती, "बाबा, हे वेडेपणाचं आहे. तिथं पडली तर?" हॉलमध्ये कुमुदला खुर्चीत बसवलं. वाजवणं सुरू झालं. भावजी तिच्यासमोर गेले आणि सगळ्यांसारखं रीतसर विचारलं, "नाचणार का?"

"नाही," कुमुद म्हणाली.

"थँक्यू," म्हणाले आणि येऊन बसले. मला कळेचना. अहो, एवढं गाडीत घालून आणलंत, जरा आग्रह करा की! पुढच्या गाण्याला पुन्हा गेले. पुन्हा नाही, पुन्हा थँक्यू. तिसऱ्या वेळी कुमुद वैतागून म्हणाली, "बरं चला, पण थोडंच हं." आणि उठली. किती वेळ नुसती डुलली दोघं. मग पावलं सुटली. ती खुर्चीपासून पार सलीमभाईंच्या पुढ्यापर्यंत गेली, आणि एकदाही अडली नाही. वजनाचं काम, की गाण्याचं, की तिला दोनदा नाही म्हणू दिलं त्याचं? मी रेवतीला म्हटलं, "बघितलंस?"  केअर सेंटरचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

यंदाच्या थंडीत भावजी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आजारी कुमुद, आणि गेले ते. याला काय म्हणावं? तेराव्यापर्यंत माणसांचा राबता होता. कुमुद पलंगावर बसून असायची. त्यांच्या जाण्यापासून तिनं एकही पाऊल टाकलं नव्हतं.

रेवतीनं मला बाजूला घेतलं. "मावशी, मी आईला माझ्या घरी नेते. पण आम्ही नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात. ती थोडी जरी चालली ना, तरी एक बाई ठेवून भागेल. अजिबात चालणार नसेल तर एकटी बाई तिला उचलणार कशी? मग मला सेंटरच बघावं लागेल." लिफ्टपाशी भाड्यानं आणलेली चाकाची खुर्ची उभीच होती.

कुमुदला दोघींनी धरून दारापर्यंत आणलं. तिथं तिचे पाय अडले. मी म्हटलं, "रेवती, तू सोड. मी बघते." पॅसेजमध्ये कुमुदसमोर उभी राहिले, तिच्या कोपरांखाली हात घातले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला नेता कुठं येतं? मी तर कायम येणारी. भावजींनी मला शिकवलं ते त्यांच्यामागे यायला. आणि कुमुदही येणारीच. आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत उभ्या.

"मावशी, काहीतरी करा ना," रेवती म्हणाली.

"थांब गं. वजन कुठं आहे ते बघतेय."

"कोणाचं?"

"तेच कळत नाहीये."

कुमुद माझ्या खांद्यावरून लिफ्टकडे बघत म्हणाली, "कुठं निघालोय गं आपण?"

"हिंजवडीला, रेवतीकडे."

"एवढ्या लांब?" म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

मग मीही मिटले आणि आम्ही डुललो. गाणं नाही, बाजा नाही, खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती तेवढाच आवाज. डावीकडे, उजवीकडे. किती वेळ गेला कोण जाणे. मी डोळे उघडून पाहिलं तर कुमुदचं दार तिच्या पाठीमागे होतं आणि माझ्या पाठीला लिफ्ट लागली होती.

कुमुद आता रेवतीकडेच असते, घरातल्या घरात हिंडते. फोनवर बोलतो आम्ही. पण मी मागे सरकले म्हणून ती आली, की तिनं पाऊल टाकलं म्हणून मी सरकले, हे मला अजून सांगता येत नाही. ती म्हणते, तू नेलंस. मी म्हणते, मला येतच नाही ते. शेवटी रेवतीला विचारलं, तू तर शेजारीच उभी होतीस, आधी कोण हललं?

"मावशी, मी रडत होते," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही."