भास्करच्या भाषेतला चौथा शब्द

भगत, उतारा, नजर… असलं काही सांगणाऱ्याला मी आजवर हसून वाटेला लावलंय. बोअरवेलचा धंदा शून्यातून उभा केला तो रोकड्या व्यवहारावर. तरीही हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकात विरारला मी आणि भास्कर पार्टनर होतो. तो पाण्याची जागा दाखवायचा, मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचो. लोकांसमोर आपसात बोलता यावं म्हणून आम्ही दोघांनी एक भाषाच बनवली होती. 'लोमा' म्हणजे थांब. 'टिपळ' म्हणजे हातातलं कसब. 'वाडूस' म्हणजे बापजाद्यांकडून आलेली जाण — कुठे गोडं पाणी, कुठे खारं. मग भास्करने आणखी एक काढला — 'किरूट'. जे कसबही नाही, जाणही नाही, ते. म्हणजे सरळ जादू. मी चिडलो. म्हटलं, हा माल आपल्याकडे नाही, शब्द कशाला?

"राहू दे की," तो म्हणाला. "लागेल तेव्हा शोधत बसशील."

तो शब्द मी एकदाही वापरला नाही.

पुढे हाच भास्कर मला न सांगता कामणच्या एका बोअरच्या गाडीवाल्याकडे गेला. माझी अर्धी गिऱ्हाइकं घेऊन. तेव्हापासून बोलणं बंद.

दोन-तीन वर्षांनी नंदाखालला पीटरच्या केळीच्या वाडीत काम लागलं. आमच्या भागात बोअर फार खोल गेली की खारं पाणी वर येतं. विहीर नासते, वाडी संपते. भर दुपारी पाणी लागलं, पण धार बारीक. पीटर म्हणाला, पुरे. पण भास्करशिवाय याला पाणी सापडत नाही, हे गावभर झालेलं… मी ऑपरेटरला आणखी खोल जायला एक रॉड जोडायला सांगितला.

ओट्यावर पीटरची म्हातारी आई वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लोमा, बाळ्या. खाली खारं. हे किरूट."

मला सगळे शेठ म्हणतात. बाळ्या म्हणणारा एकच, भास्कर.

मी मशीन बंद करायला लावलं. पीटरनेही ऐकलं होतं. "मम्मी, काय बोललीस?" त्याने विचारलं. ती आमच्याकडे बघतच राहिली. म्हणे, मी कुठे बोलले? भास्करला त्या घरात कोणी बघितलेलंही नव्हतं.

पुढे त्याच आळीत, चार वाड्या सोडून, दुसऱ्या कोणाची गाडी लागली. आमच्यापेक्षा थोडीच खोल गेली आणि खारं पाणी आलं. त्यांची केळी करपली. पीटरची वाडी वाचली.

मला आनंद झाला नाही, डोकं फिरलं. भास्करने आमची भाषा बाजारात वाटली, एवढंच मला दिसत होतं. आधी कामणच्या गाडीवाल्याला धरलं — त्याला त्यातला एक शब्द माहीत नव्हता. तिथून तडक बोळिंजला, भास्करच्या घरी. भांडायलाच. त्याने दार अर्धंच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,

"थांबलास ना? मग आता काय पाहिजे?"

आणि दार लावून घेतलं.

म्हातारीच्या तोंडी ते कुठून आलं, त्याला कसं कळलं — मला आजही सांगता येत नाही. उत्तर असलंच तर त्या दारामागे आहे. आणि तिथे मी पुन्हा जाणार नाही… त्याने बोलावल्याशिवाय तरी नाहीच.