कण्हेरीच्या कपाटात सापडलेलं करवीर

मंडळी, आज मी वाचनालयात एवढ्या मोठ्यानं ओरडले की ग्रंथपाल मुल्लाकाका धावत आले. "काय झालं? साप हाय का काय?"

साप कुठला! माझ्या गवतांवरच्या संशोधनाच्या संदर्भसूचीतलं हरवलेलं पुस्तक होतं, 'करवीर वनस्पती'. कोल्हापूर संस्थानात, महाराजांच्या राजवटीत छापलेलं. करवीर म्हणजे आपलं कोल्हापूर, म्हणून वनस्पतिशास्त्रात मिळेना तेव्हा मी इतिहासाची सगळी कपाटं पालथी घातली होती. आज आईसाठी फुलबागेचं पुस्तक शोधायला गेले, तर हे तिथं, कण्हेरीच्या पुस्तकांत!

"बरोबरच लावलंय की," काका म्हणाले. "करवीर म्हंजे कण्हेरच न्हवं?"

संस्कृतात तसंच म्हणतात. हसावं की रडावं कळेना!

मुरगूडजवळच्या आमच्या गावच्या माळाला सगळे पडीक म्हणतात. झाडं लावायला ग्रामपंचायत उद्या तिथं खड्डे खणणार होती, म्हणजे गवत संपलंच. पुस्तकात त्याच माळावरच्या गवतांची नावं आहेत आणि वर छापलंय, 'राखीव कुरण'.

पानाचा फोटो सरपंचांना पाठवला. लगेच फोन आला, "खड्डं थांबवतो. आमचा म्हातारा बी त्याला कुरणच म्हणायचा की!"

मग आपण त्याला पडीक कधीपासून म्हणायला लागलो हो?