पाय बरा आहे

ती निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा उत्तरेच्या सीमेवर लढाई पेटली होती आणि मी नाशिकमधल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. जवानांच्या गाड्या नाशिक रोडला थांबत. आसपासच्या मळ्यांतल्या बाया भाकरी, ठेचा, कांदे घेऊन फलाटावर उभ्या राहत. एक दिवस तिथल्या चहावाल्याने खबर दिली, "साहेब, ती फुलं विकणारी मावशी पोरांना नाव-गाव विचारते आन् वहीत लिहून घेते."

मी वही जप्त केली. पानोपानी नोंदी होत्या. 'डबा चौथा. सात जण. भाकरी एकवीस.' पुढे नावे, पत्ते. शेवटच्या पानावर एका नावापुढे, 'आईला सांगा, पाय बरा आहे.' मला ही सांकेतिक भाषा वाटली. पंचनामा करून वही सील केली.

तीन दिवस बाईला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवले. शेजारी महिला शिपाई.

"एवढ्या भाकरी कोण मोजतं?" मी दरडावले.

"थापणारी मोजते, साहेब."

हवालदार हसला. "मावशी, एकवीस भाकरी म्हणजे एकवीस तोफा का?"

"तुम्हीबी परवा फलाटावर दोन खाल्ल्या. तुमचंबी नाव हाय वहीत."

खरेच होते. सील करण्याआधी मी ते वाचले होते.

"पोरं घाईत निरोप सांगत्यात," ती म्हणाली. "मी त्यांच्या घरी कार्ड टाकते. किती खाल्लं तेबी लिहिते. आईला तेच लागतं."

माझा विश्वास बसला नाही. चौथ्या दिवशी तिच्या नावाचे एक कार्ड पोस्टातून आमच्या हाती आले. 'बाई, पोराने तीन भाकरी खाल्ल्या हे तुमच्या कार्डात वाचले आणि आठ दिवसांनी मी पोटभर जेवले.'

मी तिला जायला सांगितले. ती उठली नाही.

"वही द्या. शेवटच्या गाडीतल्या नऊ जणांची कार्डं राहिलीत."

"वरून मंजुरी आल्याशिवाय देता येणार नाही."

"मग नुसते पत्ते उतरवू द्या. इथंच बसून लिहिते."

सील तोडायचे तर वरिष्ठांना कारण द्यावे लागले असते, आणि माझी चूक उघडी पडली असती. मी नाही म्हणालो.

पाच आठवड्यांनी मंजुरी आली आणि वही तिच्या मळ्यावर नेऊन दिली. तिने शेवटचे पान उघडले. घरातून वर्तमानपत्रातल्या हुतात्म्यांच्या यादीचे कात्रण आणून त्यावर ठेवले. नाव तेच होते.

"आता ह्याच्या आईला काय लिहू, साहेब? पाय बरा हाय म्हणून?"

संशय घेणे माझे काम होते, त्याची खंत नाही. नियम आडवा आला, असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. ते खोटे आहे. सील तोडायची गरजच नव्हती. पंचनाम्यात 'संशयास्पद नोंदी' म्हणून ती नऊ नावे, पूर्ण पत्ते आणि निरोप शब्दशः उतरवलेले होते. कागद माझ्याच टेबलावर होता. अक्षरही माझेच.